दोन गुपितांची एकच गाठ

एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा सारांश देते.

वय ३२. आपल्याला पुरुषही आवडतात आणि स्त्रियाही, हे त्यांना सतराव्या वर्षापासून माहीत आहे. घरच्यांना, मित्रांना, कुणालाही नाही. एका पुरुषाबरोबर तीन वर्षं नातं होतं. आठ महिन्यांपूर्वी ते तुटलं. जगाच्या लेखी तो फक्त ‘रूममेट’ होता, त्यामुळे ऑफिसात दुसऱ्या दिवशी नेहमीसारखंच हसून काम केलं. याच वर्षी हक्काची वाटणारी बढती हुकली. घरून लग्नाचा लकडा सुरू आहे. गेले दोन महिने झोप नीट नाही, आणि ‘मी नसतो तर सगळ्यांचंच सोपं झालं असतं’ असं रोज वाटतं. ‘पण काळजी नको, मी काही करणार नाही,’ असंही त्यांनी लिहिलं आहे. समलैंगिक आणि बायसेक्शुअल पुरुषांमध्ये आत्महत्येचं प्रमाण जास्त असल्याचं त्यांच्या वाचनात आलं, तेव्हापासून हे आपल्या घडणीतच आहे की काय, अशी भीती बसली आहे. त्यांचे प्रश्न असे: ‘मला कुणी मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही, मग मला असं वाटायचा काय अधिकार? मला स्त्रियाही आवडतात, तर मुकाट्याने लग्न केलं तर हे थांबेल का? ताईला सांगू, की जवळच्या मित्राला, की कुणालाच नको?’

प्रिय मित्र,

‘काळजी नको’ हे वाक्य सोडून बाकी सगळं पत्र मी मान्य करते. काळजी वाटते, आणि ती वाटू द्या. मरावंसं वाटणं आणि मरायची तयारी करणं यांत अंतर आहे, हे खरं. पण रोज येणारा विचार त्या अंतरात कुठवर सरकला आहे, हे ज्याच्या डोक्यात तो फिरतो त्यालाच नेमकं कळत नाही, विशेषतः दोन महिन्यांच्या तुटक झोपेनंतर. म्हणून आधी एवढं ठरवून टाका. विचार ‘नसतो तर’ वरून ‘कसं’ आणि ‘कधी’ कडे वळला, किंवा एकट्याने पिताना तो जोर धरू लागला, तर त्या रात्री एकटं राहायचं नाही आणि सकाळची वाट पाहायची नाही. भारतात असाल तर टेली-मानसचा क्रमांक १४४१६; सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही, कुणाबद्दल आकर्षण वाटतं हे सांगायची तर मुळीच नाही. दुसऱ्या देशात असाल तर तिथला आपत्कालीन क्रमांक आताच फोनमध्ये भरून ठेवा. हे पत्र पुढे वाचायची ताकद नसेल तर इथेच थांबा आणि फोन करा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

आता तुमचा ‘अधिकाराचा’ प्रश्न. दुःख व्हायला आधी कुणीतरी छळायला हवं, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. इलान मेयर या अमेरिकी संशोधकाने २००३ मध्ये समलैंगिक आणि बायसेक्शुअल माणसांवरच्या जादा ताणाची एक मांडणी केली, ती आज या विषयातल्या बहुतेक अभ्यासांचा पाया आहे. त्यात ताणाचे चार धागे आहेत. एक, प्रत्यक्ष घडलेला भेदभाव, मारहाण, अपमान. दुसरा, कळलं तर काय होईल या धास्तीने सतत कानोसा घेत राहणं. तिसरा, लपवणं. चौथा, आजूबाजूला स्वतःबद्दल जे ऐकलं ते हळूहळू स्वतःलाच पटत जाणं. या चारांपैकी तीन गोष्टींना समोर छळणारा माणूस लागतच नाही! ज्या घरी कधी चोर आला नाही, त्या घराच्या पहारेकऱ्यालाही पंधरा वर्षं रोज रात्री जागवलं, तर त्याचा थकवा खोटा असतो का?

तुमच्या पत्रातच पाहा. मित्राने एकदा ‘तसल्यां’वर विनोद केला आणि संशय येऊ नये म्हणून तुम्ही सगळ्यांत मोठ्याने हसलात, असं लिहिलं आहे. त्याला तो विनोद आठवतही नसेल. तुम्हाला वर्ष आठवतं, जागा आठवते, तिथे कोण कोण होतं तेही आठवतं. याला ‘काहीच झालं नाही’ म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणणार नाही.

आणि ते ब्रेकअप. तीन वर्षांचा संसार मोडला आणि त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजाही मागता आली नाही. इतर कुणाचं असं झालं असतं तर मित्रांनी त्याला चार दिवस एकटं सोडलं नसतं, कुणी जेवायला नेलं असतं, कुणी त्या माणसाला यथेच्छ शिव्या घातल्या असत्या. तुम्ही हे सगळं एकट्याने आणि हसऱ्या चेहऱ्याने केलंत. पत्रात या गोष्टीला दीड ओळ आहे, बढतीला मात्र तब्बल अकरा. मला वाटतं, जे बोलता येत होतं त्यात तुम्ही न बोलता येणारं दुःखही घातलंत. तुम्ही दुखवट्यात आहात. तो आठ महिने लांबला यात नवल काहीच नाही, कारण तो सुरूच करू दिला गेला नव्हता.

पण बढतीच्या त्या अकरा ओळींतही काहीतरी आहे. स्वतःची ओळख करून देताना तुम्ही काय सांगितलंत? शाळेतला नंबर, पगार, वडिलांचं फेडलेलं कर्ज, ताईच्या अडचणीत केलेली धावपळ. जॉन पाचंकिस आणि मार्क हॅट्झेनब्यूलर यांनी २०१३ मध्ये तरुण समलैंगिक आणि बायसेक्शुअल पुरुषांचा अभ्यास केला. त्यात असं दिसलं की त्यांच्यापैकी बरेच जण आपली किंमत अभ्यास, स्पर्धा अशा मिळकतीवर टांगून ठेवतात, आणि लपवण्याची वर्षं जितकी जास्त तितकी ही सवय पक्की. समजण्यासारखं आहे. ‘खरं कळलं तर आवडेनासा होईन, तर निदान तक्रारीला जागा नको’ असा तो सौदा असतो. तो वर्षानुवर्षं चांगला चालतो, सगळे कौतुकही करतात. मग एक बढती हुकते आणि नुसती बढती जात नाही, इथे राहायचं भाडंच थकल्यासारखं वाटतं. बाहेरच्यांना वाटतं, एवढ्याशा गोष्टीने एवढा कसा खचला.

आता आकडे, कारण त्यांनीच तुम्हाला घाबरवलं आहे. प्रमाण जास्त आहे, हे खरं आहे. मायकल किंग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये २५ अभ्यास एकत्र करून पाहिले. आयुष्यात कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण समलैंगिक आणि बायसेक्शुअल पुरुषांमध्ये इतर पुरुषांच्या चौपटीहून थोडं अधिक निघालं. हा आकडा मी सौम्य करणार नाही. पण तो गटाबद्दल बोलतो, तुमच्या भविष्याबद्दल नाही. या गटातले बहुसंख्य पुरुष आयुष्यात कधीही असा प्रयत्न करत नाहीत.

आणि हे घडणीतच असतं, तर भोवतालचं जग बदलून आकडा हलला नसता. तो हलतो. ज्युलिया रायफमन यांच्या गटाने २०१७ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांची तुलना प्रसिद्ध केली. जिथे समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली, तिथे शाळकरी मुलांमधल्या आत्महत्येच्या प्रयत्नांत सुमारे ७ टक्के घट दिसली आणि ती मुख्यतः समलैंगिक व बायसेक्शुअल मुलांमधली होती. त्या मुलांची घडण काही कायद्याने बदलली नव्हती. त्याआधी २००९ मध्ये केटलिन रायन आणि सहकाऱ्यांनी २१ ते २५ वयाच्या समलैंगिक आणि बायसेक्शुअल तरुणांना घरच्या वागणुकीबद्दल विचारलं होतं. ज्यांना किशोरवयात घरून तीव्र नकार मिळाला होता, त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगण्याची शक्यता, नकार जवळजवळ न मिळालेल्यांच्या तुलनेत ८.४ पट होती. दोन्हीकडची मुलं समलैंगिक किंवा बायसेक्शुअलच होती, घरं वेगळी होती. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली. तुमच्या घडणीत बिघाड नाही. वजन आहे ते त्या कानोसा घेण्याचं, लपवण्याचं आणि एकटेपणाचं. ते वजन कमी करता येतं.

‘मी नसतो तर सगळ्यांचं सोपं झालं असतं’ हे वाक्य तुम्ही एखाद्या निष्कर्षासारखं लिहिलं आहे, जणू सगळ्या बाजू तपासून झाल्या. थॉमस जॉइनर या मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये आत्महत्येच्या इच्छेमागच्या दोन भावना वेगळ्या काढून दाखवल्या: आपण कुणाचेच नाही, आणि आपण सगळ्यांवर ओझं आहोत. दोन्ही एकदम आल्या आणि आता हे कधीच बदलणार नाही असं वाटू लागलं की इच्छा बळावते. यातलं ‘ओझं’ हा मनाला झालेला भास असतो, वस्तुस्थितीची मोजणी नव्हे. खचलेलं मन ते तयार करतं, ताप जसा थंडी वाजवतो तसं. ताईला, आईवडिलांना विचारून तर तुम्ही हे लिहिलेलं नाही. त्यांच्या वतीने तुम्हीच उत्तर दिलंत, आणि तेही रात्री तीन वाजता. माणूस असा गेल्यावर मागे राहणाऱ्यांचं काहीही सोपं होत नाही. ‘मला का नाही सांगितलं’ हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरतो.

लग्नाचं थोडक्यात सांगते, कारण माझं मत ठाम आहे. बायसेक्शुअल असणं म्हणजे निम्मी अडचण आणि हाताशी एक सुटकेचं दार, असं तुम्ही समजता. तसं नाही. अनेक अभ्यासांत बायसेक्शुअल लोकांचा मानसिक त्रास समलैंगिकांपेक्षा कमी नाही, उलट बऱ्याचदा जास्त दिसतो. बाकीचं जग म्हणतं ‘ठरव काय ते’, समलैंगिकांतले काही म्हणतात ‘घाबरतोस म्हणून अर्धंच कबूल करतोस’. ज्या स्त्रीवर तुमचं प्रेम आहे आणि जिला तुम्ही ठाऊक आहात, तिच्याशी लग्न केलंत तर मी आनंदाने अक्षता टाकीन. पण औषध म्हणून लग्न नको. पहारा संपणार नाही, तो शयनगृहापर्यंत येईल, आणि त्याची किंमत एक अशी व्यक्ती मोजेल जिला काही विचारलंच गेलं नव्हतं. शिवाय आयुष्यभराचा कोणताही निर्णय या मनःस्थितीत घेऊ नका, ना लग्नाचा, ना नोकरी सोडण्याचा, ना सगळ्यांना एकदम सांगून टाकण्याचा.

सांगून टाकण्यावरूनच मला जे मुख्य म्हणायचं आहे त्याकडे येते. तुमच्याजवळ दोन गुपितं आहेत. एक, तुम्हाला कोण आवडतं. दुसरं, तुम्हाला जगावंसं वाटत नाही. या दोन्हींची तुम्ही एकच गाठ मारली आहे. ‘खचलोय म्हटलं तर का विचारतील, का सांगायचं तर ते सांगावं लागेल, ते सांगता येत नाही, म्हणजे काहीच सांगता येत नाही.’ या गाठीमुळे अनेक पुरुष मदतीपर्यंत पोचत नाहीत. गाठ सोडवा. दुसरं गुपित आज सांगायचं आहे. पहिल्याला कसलीही घाई नाही, आणि ते सांगणं तुम्ही कुणाचं देणं लागत नाही. सांगितल्याने मोकळं वाटतं हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की समोरचा कसा वागला यावर पुष्कळ अवलंबून असतं. ती जोखीम अंगात थोडं बळ असताना घ्यावी.

ताई की मित्र? ताई. मित्राला मी एका विनोदावरून निकालात काढणार नाही. तसे विनोद करणारी माणसं स्वतःच्या माणसावर वेळ आली की पार वेगळी वागलेलीही असतात. पण तुम्ही सध्या त्याची परीक्षा घेण्याच्या परिस्थितीत नाही. ताईने गेल्या महिन्यात दोनदा फोन करून ‘आवाज असा का येतोय’ विचारलं, असं तुम्हीच लिहिलंय. तिने दार आधीच किलकिलं केलं आहे. तिला म्हणा: ‘ताई, दोन महिने मला जगणं नकोसं वाटतंय. मी आत्ता काही करणार नाहीये, पण एकट्याने हे झेपत नाही. कारण सांगेन, आज नको विचारूस.’ प्रत्यक्ष बोलवत नसेल तर मेसेज करा. ती रडेल कदाचित, एखादं वेडंवाकडं वाक्यही बोलेल. ऐकणाऱ्याला पहिल्या क्षणी नीट बोलता येतंच असं नाही. तिच्याकडून काय हवं तेही सांगून टाका: रोज रात्री एक फोन, किंवा डॉक्टरकडे सोबत. नेमकं काम दिलं की माणसं घाबरत कमी आणि करतात जास्त.

मग एक कागद घ्या. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेला ‘सुरक्षा आराखडा’ अनेक ठिकाणी वापरला जातो. तो समुपदेशकाबरोबर करणं उत्तम, पण सुरुवात घरी होऊ शकते. वाईट वेळ येत असल्याची तुमची खूण कोणती, हे आधी लिहा. पत्रावरून मला दोन दिसतात: त्या ‘रूममेट’चे जुने फोटो उघडणं आणि रविवारची संध्याकाळ. त्याखाली, अशा वेळी एकट्याने करता येईल आणि अर्धा तास निभावेल असं काहीतरी. मग जिथे चार माणसं असतात अशी जागा, जिथे कुणाला काही सांगायची गरज नाही. मग ज्याला ‘मला बरं नाही वाटत’ म्हणता येईल त्या माणसाचं नाव. त्याखाली हेल्पलाइन आणि डॉक्टरचा क्रमांक. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: स्वतःला इजा करण्याचा विचार ज्या वस्तूभोवती फिरतो, ती वस्तू आजच घराबाहेर काढा किंवा ताईच्या ताब्यात द्या. हे लोकांना किरकोळ वाटतं, पण यात खरोखर जीव वाचतात. तीव्र लाट बहुधा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर फार काही ठरतं. दारूलाही हेच लागू, निदान हे दिवस तरी.

डॉक्टरकडे जायचंच आहे. दोन महिने झोप नाही आणि रोज मरणाचा विचार, हे नैराश्य असू शकतं. ते मानसोपचारतज्ज्ञाने तपासायला हवं आणि गरज पडली तर गोळ्याही घ्यायला हव्यात. समुपदेशक निवडताना वेळ घेण्यापूर्वीच फोनवर विचारा: ‘समलैंगिक, बायसेक्शुअल लोकांबरोबर तुम्ही काम केलं आहे का? तुम्ही याला आजार मानता का?’ उत्तर चाचरत आलं तर दुसरा क्रमांक लावा. ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्याचा फोन लगेच ठेवा, मग तो कितीही पदव्या लावलेला असो. असे उपचार आकर्षण बदलत नाहीत, अपाय मात्र करतात. चांगली मदत असते. पाचंकिस यांनीच समलैंगिक आणि बायसेक्शुअल तरुण पुरुषांसाठी दहा सत्रांचा एक उपचारक्रम आखला. सतत नकार गृहीत धरणं, स्वतःची लाज वाटणं, टाळत राहणं या सवयींवर तो काम करतो, आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत नैराश्य आणि दारू दोन्ही कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे ज्या गोष्टींना तुम्ही स्वभाव समजता, त्यांतल्या बऱ्याच सवयी आहेत.

कुठल्यातरी ताईने किंवा मित्राने हे वाचलं तर त्यांच्यासाठीही चार शब्द. संशय आला तर सरळ विचारा: ‘मरायचे विचार येतात का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही; २०१४ मध्ये टी. डॅझी आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या आढाव्यातही विचारल्याने आत्महत्येचे विचार वाढल्याचं दिसलं नाही. उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश नको, ‘तुला काय कमी आहे’ तर नकोच. आणि तो खचण्यामागचं कारण सांगत नसेल, तर कारणाशिवायही त्याच्याजवळ बसता येतं.

या सदरात माझं उत्तर यायला आठवडे लागतात, त्यामुळे पुढच्या पत्राच्या भरवशावर राहू नका. क्रम असा ठेवा: आज ताई, या आठवड्यात डॉक्टर. लग्नाबद्दल घरून पुन्हा फोन आला की सांगा, ‘तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत, सहा महिन्यांनी बोलू.’ तोवर डॉक्टरांची पहिली भेट झालेली असेल, तर यातला एकही शब्द तुम्हाला लपवून बोलावा लागणार नाही.